दाराला तेल घाला: पावसाळ्यात जुने भयपट पाहायची आणि त्यांवर लिहायची रीत

गणपतीच्या दिवसांत आमच्या वाडीत 'व्हिडिओ' यायचा. १९८०च्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मुंबईहून आलेले चाकरमानी वर्गणी काढायचे, बाजारपेठेतून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा आणि थोरल्या घराच्या पडवीत रात्रभर तीन चित्रपट चालायचे. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा रामसेंचा, म्हणजे हिंदीत भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा, पोरं एव्हाना झोपली असतील या भाबड्या समजुतीवर. पोरं झोपलेली नसायची. गोधडीला एक भोक होतं, त्यातून मी 'पुराना मंदिर' पाहिला.

हवेलीचं एक दार करकरत उघडायला लागलं. ते काही पुरतं उघडेना, करकर मात्र चालूच. पडवीत सगळे चिडीचूप. इतक्यात मागून एका आजोबांचा आवाज आला, "अरे, त्या दाराच्या बिजागऱ्यांक कोणीतरी तेल घाला रे!" सगळी पडवी खदखदून हसली. पण चित्रपट संपल्यावर तेच आजोबा घरी जायला एकटे उठेनात. दोन पोरं आणि एक बॅटरी सोबत घेऊन व्हाळापलीकडे, ओढ्याच्या पल्याड गेले.

मी ऐकलेलं पहिलं चित्रपट-परीक्षण ते. तेलाचा टोमणा खरा आणि सोबतीला घेतलेली दोन पोरंही खरी. जुन्या भयपटावर लिहिणारे बहुतेक जण यातलं एकच अर्धं लिहितात. कुणी नुसती टिंगल करतं, कुणी 'अजरामर कलाकृती' म्हणून हात जोडतं. 'आता भीती वाटते का?' हा प्रश्नच मला फुकटचा वाटतो. नेमकं कुठे दचकलो, कशाने दचकलो आणि कुठे हसू फुटलं, एवढं धरता आलं की परीक्षण निम्मं झालंच. ते कसं धरायचं, त्याची ही आमच्या घरची रीत. गेले काही पावसाळे आम्ही चार-पाच जण हा उद्योग करतोय.

चित्रपट निवडताना

सुरुवात लहान चित्रपटांपासून करा. हॉलिवूडचे १९३०-४०च्या काळातले भयपट आटोपशीर आहेत. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) साधारण ७० मिनिटांचा, त्याच वर्षीचा बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' सव्वा तासाचा. लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हा हिशेब महत्त्वाचा. अडीच तासांचा चित्रपट जुलै महिन्यात एका बैठकीत संपला तर ग्रामदेवतेला नारळ द्यावा.

नवख्या माणसाला मी पहिल्यांदा 'कॅट पीपल' (१९४२) दाखवतो. त्यात भूत जवळजवळ दिसतच नाही, म्हणून. दुसरा 'महल' (१९४९): कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, अशोक कुमार, मधुबाला आणि 'आएगा आनेवाला'. तिसरा जर्मन मूकपट, १९२२चा 'नोस्फेराटू'. चौथा रामसेंचा कुठलाही. या क्रमाने गेलं की प्रेक्षकाचा डोळा तयार होतो. रामसेंपासून सुरुवात केली तर पुढचं सगळं अळणी लागतं. मालवणी रश्श्यानंतर वरणभात वाढल्यासारखं होतं.

मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) चुकवू नका. वसंत जोगळेकरांचा चित्रपट, आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकर. 'गोमू संगतीनं' सगळ्यांना पाठ असतं, चित्रपट मात्र कुणी पाहिलेला नसतो. आणि घरात पोरं असतील तर 'झपाटलेला' (१९९३). तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा. त्याच्या नुसत्या मान वळवण्यावर दोन पानं लिहिता येतील.

निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: भूत खरं की माणसाचा कट? १९६०च्या दशकातल्या हिंदी भुताटकीत पांढरी साडी, धुकं आणि लांबून येणारं गाणं असतं, आणि शेवटी बऱ्याचदा मालमत्तेचा कागद निघतो. कोकणातल्या माणसाला याचं नवल नाही, आमच्याकडेही निम्मी भुतं सातबाऱ्यावरूनच उठतात. रामसेंकडे मात्र भूत म्हणजे भूत. त्याला मारायला त्रिशूळच लागतो, वकील चालत नाही. दोन्ही प्रकारांना एकच माप लावलंत तर दोघांवरही अन्याय होईल. पहिल्यात कोडं नीट सुटलं का ते बघा. दुसऱ्यात राक्षसाची एंट्री कशी झाली ते.

प्रत नीट नसेल तर पाहूच नका

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग चित्रपटाला नावं ठेवतात.

'नोस्फेराटू'चंच घ्या. रात्रीचे प्रसंग त्यांनी दिवसाढवळ्या चित्रित केले होते आणि प्रतीला निळा रंग देऊन त्यांची रात्र केली होती. हा रंग नसलेली नुसती काळी-पांढरी प्रत पाहिलीत तर रक्तपिपासू काउंट ऑरलॉक भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून फिरताना दिसतो. मग 'काय हे, सूर्यप्रकाशाने मरणारा माणूस उन्हात?' असं लिहून तुम्ही मोकळे होता, आणि चूक असते तुमच्या प्रतीची. रात्री निळ्या आणि घरातले प्रसंग पिवळसर दिसतात, अशी दुरुस्त केलेली प्रत शोधा.

मूकपटात माणसं टुणटुण उड्या मारत चालत असतील तर वेग चुकलाय. हे चित्रपट सेकंदाला २४ चौकटींपेक्षा कमी वेगाने चित्रित व्हायचे. प्लेअरमध्ये वेग ०.७५वर आणून बघा, भीती जागेवर येते. जोडलेलं संगीत मात्र यामुळे रडकं होतं. त्यावर आमचा इलाज पुढे सांगतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. जुना चित्रपट जवळजवळ चौकोनी असतो, तो पडदाभर ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर मधुबालासुद्धा रुंद दिसते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिने सगळे चित्रपट मालिकेसारखे दिसतात. आणि भडक रंगांचा 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' लावा. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात काळा रंग हाच खलनायक असतो. तो राखाडी झाला की संपलं.

जॉर्ज रोमेरोच्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटाच्या वाईट प्रतींचा तर सुकाळ आहे. ऐनवेळी नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर हक्काची सूचना घालायची राहून गेली, आणि अमेरिकेत चित्रपट सगळ्यांना मोकळा झाला. ज्याला जमेल त्याने त्याची कॉपी काढली, कॉपीची कॉपी काढली. चेहरे चिखलासारखे दिसत असतील तर दुसरी प्रत बघा.

खोली, पाऊस आणि लाईट

कोकणातला पावसाळा भयपटासाठी देवाने दिलेला, पण त्यात एक मेख आहे. पत्र्याच्या छपराखाली पाऊस लागला की संवाद ऐकूच येत नाहीत. कौलारू घरात जरा बरं. १९३१च्या 'ड्रॅक्युला'त सुरुवातीचं संगीत सोडलं तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. त्याची सगळी मौज शांततेत आहे आणि ती शांतता आमच्या पडवीत कधी मिळालीच नाही. आवाज वाढवत नेण्यापेक्षा खोली बदला. माजघर बरं. भिंती जाड, खिडकी लहान, वर माळा असल्यामुळे पाऊस लांब वाटतो. एकटेच पाहत असाल तर हेडफोन. सबटायटल्स असतील तर भाषा येत असली तरी चालू ठेवा.

लाईट जाण्याची तयारी आधी करा. चित्रपट ऑनलाइन असेल तर दुपारीच अॅपमध्ये उतरवून ठेवा, कारण संध्याकाळी रेंज समुद्राकडे निघून जाते. ३२ इंची एलईडी टीव्हीला ४०-५० वॅट पुरतात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर दोन चित्रपट सहज निघतात, फक्त त्याच वेळी कुणी मिक्सर लावू नये. मात्र मृगाच्या आगेमागे आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. तेव्हा लॅपटॉप, तोही बॅटरीवर. मी एकदा 'एवढा सीन होऊ दे' म्हणून थांबलो होतो. सीन झाला, सेट-टॉप बॉक्सही झाला.

प्रोजेक्टरची हौस असेल तर दोन गोष्टी सांगतो. स्वस्त प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडीच दिसतो, म्हणून अंधाराचे चित्रपट टीव्हीवर बघा आणि रामसेंचे लाल-हिरवे दिवे भिंतीवर. दुसरं म्हणजे किडे. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उजेडावर अशी तुटून पडते की पडदा दिसत नाही. दारं-खिडक्या लावा, पलीकडच्या पडवीत एक बल्ब पेटता ठेवा म्हणजे पाखरं तिकडे जातात.

पाल मात्र कशालाच ऐकत नाही. आम्ही चुना काढलेल्या भिंतीवर 'नोस्फेराटू' लावला होता. जिन्यावरून काउंटची सावली वर सरकते, लांब नखांची, कुबडी, आणि त्याच क्षणी वाशावरची पाल प्रोजेक्टरच्या तोंडावर येऊन बसली. भिंतीवर वीतभर पालीची दोन हात सावली. आतेबहिणीने किंकाळी फोडली, काकूंच्या हातातली आठळ्यांची परडी उलटली. शंकेची पाल चुकचुकते असं नुसतं ऐकलं होतं. त्या दिवसापासून प्रोजेक्टर पाटावर, चारी बाजूंना मोकळी जागा.

खायला काय घ्यावं? कुरकुरीत काही नको. मालवणी खाजं दातांखाली मोडलं की शेजारच्याला बंदुकीसारखं ऐकू येतं. उकडलेल्या आठळ्या किंवा शेंगा बऱ्या.

मूकपट आणि भजनी मंडळ

वर म्हटलेला इलाज हा. मूकपट मुळात मुके नव्हतेच. थिएटरात पडद्याखाली वादक बसायचे, आपल्याकडे पेटी आणि तबला. ऑनलाइन प्रतींना जोडलेलं संगीत पुष्कळदा नंतर कुणीतरी चिकटवलेलं असतं. तेव्हा आवाज पूर्ण बंद करा आणि स्वतः वाजवा. आमच्याकडे मामेभाऊ पखवाज वाजवतो, पेटी भजनी मंडळाची.

पहिल्या प्रयत्नात दोघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. दीड तास. भजनाची बारी झाली, भीती कुठच्या कुठे. दुसऱ्या खेपेला मामेभावानेच अक्कल दिली. तो म्हणाला, "दशावतारात राक्षस येवच्या आदी पखवाज काय करता? गप रवता." खरंच होतं. जत्रेत मध्यरात्री, रिकाम्या मंचावर एक बाकडं आणि दोन ट्यूबलाइट, राजा बोलून आत गेलेला, क्षणभर काहीच नाही. मग झांज, पखवाज आणि आरोळी एकदम. रंगलेल्या तोंडामागे कोण आहे हे आपल्याला माहीत असतं, दुपारी त्याला चहाच्या टपरीवर पाहिलेलं असतं, तरी पुढच्या रांगेतलं पोर आईच्या पदरात शिरतं.

तेव्हापासून नियम असा: पेटीवर खालचा एकच स्वर धरायचा, तोही काउंट पडद्यावर असेल तेव्हाच. पखवाजाने अख्ख्या चित्रपटात तीनदा बोलायचं. ऑरलॉक जहाजाच्या तळाशी शवपेटीतून उठतो तिथे एकदा. बाकीच्या दोन जागा वादकाने निवडायच्या आणि नंतर त्याच का निवडल्या ते सांगायचं. हेसुद्धा परीक्षणच. आमच्या मामेभावाने आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही, पण भीती कुठे बसवलीय हे त्याच्याइतकं नेमकं मला सांगता येत नाही.

पहिल्यांदा पाहताना वहीत काय लिहायचं

मत लिहायचं नाही. शरीराने काय केलं ते लिहायचं.

दोनशे पानी वही, शिसपेन्सिल (अंधारात पेन थांबलंय की चाललंय कळत नाही) आणि मांडीवर मंद बॅटरी, तिच्यावर लाल कागद. डावीकडे वेळ, उजवीकडे चार-पाच शब्द. माझ्या वहीतल्या 'पुराना मंदिर'च्या पानावर असं आहे: 'मान वळवली.' 'हसलो, एकटाच.' 'काकू उठून गेल्या, परत आल्या.' 'जगदीप. शेंगा संपल्या.' 'दार. पुन्हा दार.' 'हात थंड?' त्या वेळी हे निरर्थक वाटतं. सकाळी चहा घेताना मात्र दिसतं की मान वळवली तिथे त्यातला राक्षस, सामरी, पडद्यावर नव्हताच, नुसता हिरवा उजेड होता. आणि सामरी समोर उभा राहिला तिथे वहीत 'हसलो' आहे. सामरी झालेल्या अजय अग्रवालची उंची आणि चेहरा केवढा धसका देणारा, पण फार वेळ उजेडात ठेवला की सवय होते. बघा, परीक्षणाचा गाभा हाती आला, तोही एकही विशेषण न वापरता.

विनोदी नट जगदीपच्या ठिगळात पुढे ढकलायचा मोह होतो. पहिल्यांदा पाहताना ढकलू नका. रामसेंनी ते मुद्दाम घातलेलं असतं. हसवून प्रेक्षकाचे खांदे सैल करायचे आणि मग झडप घालायची. हे जमलंय की नुसतीच शेंगा खायची सुट्टी झालीय, ते तुमची वही सांगेल.

सोबत तीन ते पाच माणसं असावीत. त्याहून जास्त झाली की गप्पा होतात, एकट्याने पाहिलं की हसू येत नाही. एक तरी माणूस चित्रपटांच्या बाबतीत अडाणी हवा. आमच्याकडे काकू. 'ड्रॅक्युला'च्या किल्ल्यात सुरुवातीला जमिनीवरून खवल्यांचे प्राणी सरपटतात. सगळे श्वास रोखून बघत होते आणि काकू म्हणाल्या, "गे बाय, ह्यां खवल्या मांजर थंय खंयसून इलां?" खवले मांजर नव्हे, ते आर्मडिलो, पण प्रश्न बिनतोड. अमेरिकेतला प्राणी ट्रान्सिल्व्हेनियाच्या किल्ल्यात काय करतोय? जाणकारांनी वर्षानुवर्षं चघळलेला मुद्दा काकूंनी पहिल्या काही मिनिटांतच मांडला.

दुसऱ्यांदा पाहताना: दहा मिनिटं, दोन प्रकारे

अख्खा चित्रपट पुन्हा पाहायची गरज नाही. वहीतल्या सगळ्यात ठळक नोंदीच्या आगेमागची दहा मिनिटं घ्या. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडद्यावर पंचा टाकून नुसती ऐका. भीती चित्रात आहे की आवाजात, ते लगेच कळतं.

'कॅट पीपल'मधला तो प्रसिद्ध प्रसंग असा तपासा. एक बाई रात्री उद्यानाच्या दगडी भिंतीलगत चाललीय. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. मग ती मागची टकटक थांबते. फक्त थांबते. पुढची बाई मागे बघते, कुणी नाही. ती भरभर चालू लागते, दिव्याखालून अंधारात, अंधारातून दिव्याखाली. आणि एकदम कानात फुस्स! जनावर झेपावलं म्हणून आपण उडतो, तर समोर बस येऊन थांबलेली, तिच्या ब्रेकची हवा सुटलेली. पुढे भयपट बनवणाऱ्यांमध्ये अशा फसव्या दचक्याला निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने 'ल्यूटनची बस' म्हणायची रीतच पडली.

शेवटच्या एसटीने उतरून घाटीने घरी गेलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. माझी ती गाडी साडेनऊची. उतरलो, गाडी वळून गेली, रातकिडे सुरू झाले आणि वळणावर तिने ब्रेक मारला. तेवढ्या फुस्सने मी पिशवीतले बांगडे रस्त्यावर सांडले होते. तेव्हा आवाज बंद करून तो प्रसंग पाहा. काहीच नाही, एक बाई चालतेय आणि बस येतेय. पंचा टाकून ऐका. सगळं आहे.

'महल' उलट दिशेने ऐका. 'आएगा आनेवाला' सुरू होतं तेव्हा आवाज लांबून येतो आणि जवळ येत जातो. लता मंगेशकर ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या टोकापासून माइककडे चालत आल्या होत्या, असं सांगतात. पहिल्या तबकडीवर तर गायिका म्हणून त्यांचं नावच नव्हतं, चित्रपटातल्या पात्राचं नाव होतं, 'कामिनी'. भुताने स्वतः गायलेलं गाणं लोकांनी विकत घेतलं, असं म्हणा ना.

लिहायला बसताना

लगेच नको, एक रात्र जाऊ द्या. पण चौथा दिवस उजाडू देऊ नका.

पहिलं वाक्य वहीतलं घ्या. 'एफ. डब्ल्यू. मुर्नाव दिग्दर्शित नोस्फेराटू हा जर्मन भयपट १९२२ साली प्रदर्शित झाला' अशी सुरुवात केली की वाचणारा पुढे सरकलाच. ही माझी पहिली सुरुवात होती. खोडून केली ती अशी: 'जहाजाच्या तळाशी शवपेटीचं झाकण सरकतं आणि काउंट ऑरलॉक उठतो. तो वाकत नाही, हात टेकत नाही, गुडघा मोडत नाही. तिरडीवरचं मढं दोरीने ओढून उभं करावं तसा टाचांवर सरळ उभा होतो. पेटी वाजवणाऱ्याची बोटं तिथे थांबली, ती पुढची दोन मिनिटं हललीच नाहीत.' आता साल, दिग्दर्शक, ऑरलॉक झालेला नट मॅक्स श्रेक हे सगळं दुसऱ्या परिच्छेदात आलं तरी चालतं. आणि मग हेही सांगता येतं की 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क न घेता हा चित्रपट केला होता, लेखकाच्या विधवेने खटला भरला, प्रती नष्ट करायचा हुकूम झाला, तरी काही प्रती वाचल्या. मरता न मरणाऱ्या पात्राच्या चित्रपटाला हे शोभूनच दिसतं.

कथा तीन ओळींत. तीन म्हणजे तीनच. माहिती जिथे उपयोगाची तिथेच घाला. 'सायको'तलं (१९६०) रक्त म्हणजे चॉकलेटचं सरबत होतं, हे रंगाबद्दल बोलताना सांगा: काळ्या-पांढऱ्यात रक्त लाल दिसायची गरजच नव्हती, दाट दिसायची होती. नुसती सुटी माहिती म्हणून ती शेवटी चिकटवली तर परीक्षा देणाऱ्या मुलाची पुरवणी वाटते. रामसेंचंही तसंच. 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' (१९७०) पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला लोक पुन्हा पुन्हा येत होते. तेवढा धागा धरून त्यांनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) काढला. म्हणजे अख्खा चित्रपट पडला तरी दहा मिनिटं टिकतात, आणि ती दहा मिनिटं ओळखणं हेच तुमचं काम.

रहस्य फोडू नका. 'महल' पाऊणशे वर्षांचा झाला तरी आज पहिल्यांदा पाहणारा असतोच. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर तो पटला की नाही एवढं सांगा, काय झालं ते नको.

चांदण्या देण्याऐवजी आम्ही बॅटऱ्या देतो. चित्रपट संपल्यावर परसातल्या न्हाणीघराकडे जायला काय लागलं? काहीच नाही म्हणजे शून्य. एक बॅटरी म्हणजे गेलो, पण मागे वळून बघितलं. दोन बॅटऱ्या म्हणजे कुणालातरी हाक मारली. तीन म्हणजे सकाळपर्यंत थांबलो. 'पुराना मंदिर'ला मी एक देतो आणि वर एक तेलाची बुधली. ही बुधली वेगळी मोजायची, हसू किती आलं त्याची. दोन्ही आकडे एकत्र करून सरासरी काढणारा एक भाऊ आमच्याकडे आहे, तो बँकेत आहे.

जुन्या चित्रपटात खटकणाऱ्या गोष्टी येतातच. कुबड असलेला म्हणजे दुष्ट, मांत्रिक म्हणजे काळाकुट्ट आदिवासी, शॉवरखाली न्हाणारी बाई म्हणजे पुढच्या दहा मिनिटांत मेलीच. 'त्या काळी तसंच होतं' म्हणून सोडून देऊ नका आणि त्यावरच पानभर प्रवचनही नको. कुठे खटकलं ते वेळेसकट लिहा आणि पुढे चला.

घरातल्या थोरांचंही जरा सांभाळा. आमची आजी अमावास्येला असलं काही लावू द्यायची नाही. तिच्यासाठी देवचार आणि राखणदार, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्ती, ही गंमत नव्हती, संध्याकाळी नाव घेताना ती आवाज खाली आणायची. चित्रपटाची टिंगल करा, तिची नको. आम्ही अमावास्येला सुट्टी घेतो, तेवढाच परीक्षण लिहायला वेळ मिळतो.

कायद्याचं थोडकं

भारतात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात. त्यामुळे १९४९चा 'महल' चित्रपट म्हणून मोकळा आहे, १९८४चा 'पुराना मंदिर' २०४४ संपेपर्यंत नाही. गाण्यांचे शब्द आणि संगीत यांचा हिशेब वेगळा. परीक्षणासाठी लहानसा तुकडा किंवा एखादं चित्र वापरायला कायद्यात सवलत आहे. घरात चार जणांनी पाहायला कुणाची हरकत नाही, पण गणपतीच्या मंडपात गावाला दाखवणार असाल तर हक्कदाराची परवानगी लागते आणि प्रमाणपत्र 'ए' असेल तर पोरांना खरोखर झोपवावं लागतं. गोधडीला भोक नाही ना, तेही बघा.

मुरूडच्या बाजूला जाणं झालं तर नवाबाचा राजवाडा रस्त्यावरून बघून या. रामसे मंडळींनी तिथे चित्रीकरण केलंय. समोर समुद्र, माड, भर दुपार. मी शहाळं पीत बराच वेळ बघत होतो आणि एकदाही मान वळवावीशी वाटली नाही. तीच वास्तू, फक्त हिरवा दिवा नव्हता. हे वहीत लिहून ठेवलंय, रामसेंच्या दिवेवाल्यावर कधीतरी लिहायचंय.

आणि वही जपा. जुलैत उघड्यावर ठेवलीत तर श्रावणात तिला बुरशी धरते. शिसपेन्सिलीची अक्षरं राहतात, पानं मात्र एकमेकांना चिकटतात. आमची वही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असते, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. झाकण जरा घट्ट आहे आणि उघडताना करकरतं.